देवीच्या रोगाची दुहेरी शिकवण

मुधोळ तालुका १९५६ साली नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबादला जोडला गेला. देवीच्या विषाणूला अशा हद्दींशी काही देणेघेणे नव्हते, आणि मराठी-तेलुगू दोन्ही घरांत हा रोग देवीचा कोप मानला जाई. मुंबईत १८०२ साली भारतातली पहिली देवी काढली गेली, तरी रोग हटायला पावणेदोनशे वर्षे लागली. याचा दोष सहसा लोकांच्या अंधश्रद्धेवर टाकतात. मला ते अर्धेच खरे वाटते. केवळ टोचत सुटण्यापेक्षा रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्या माणसांना टोचायचे, ही युक्ती १९७० च्या दशकात निर्णायक ठरली. आणि रुग्ण शोधायचा तर गावकऱ्यालाच विचारावे लागे. पुरळ उठलेल्या मुलाचे चित्र छापलेले कार्ड घेऊन कर्मचारी घरोघर, बाजारात, शाळेत फिरत. खबर देणाऱ्याला बक्षीसही असे. म्हणजे तज्ज्ञाचे ज्ञान लोकांच्या नजरेवर उभे होते.

यावर कोणी म्हणेल, मोहिमेत बळजबरीही झाली. झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी रात्री दारे ठोठावून माणसांना टोचले गेले. पण धाकाने रुग्ण लपवले जातात, आणि लपलेला रुग्ण साथ चालू ठेवतो. उलट मोकळेपणाने मिळालेली खबर किती मोलाची असते, हे दुसऱ्या एका रोगातही दिसले: कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे मरू लागल्याच्या खबरीवरूनच पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ गोचिडीतून पसरणाऱ्या नव्या विषाणूपर्यंत पोचले. देवीच्या बाबतीतही लोकांची नजर अशीच कामी आली, आणि भारत देवीमुक्त झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले.