नांव खोडलें म्हणजे माणूस लपतो काय?



ठाण्याच्या खाडीकांठीं पावणे हें गांव आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यांत औद्योगिक वसाहत झाली आणि या गांवाच्या भोंवतीं रसायनांचे व औषधांचे कारखाने उभे राहिले. औषध घडविण्यास रसायन लागतें. परंतु तें कोणास मानवतें व कोणास बाधतें हें कळण्यास रोग्यांच्या नोंदी लागतात. या नोंदी नांव गाळून खासगी कंपन्यांस द्याव्या कीं न द्याव्या, हा आजचा प्रश्न आहे. त्याचा थोडा इतिहास पाहूं.

खाडीपलीकडे मुंबईंत इंडियन कॅन्सर सोसायटीनें १९६३ सालीं कर्करोग-नोंदणी सुरू केली. एका ठराविक वस्तींतील सर्व रोग्यांची गणना करणारी भारतांतील ही पहिलीच नोंदणी होय. नोंदणीचे कर्मचारी निरनिराळ्या रुग्णालयांत जाऊन माहिती जमवीत. एकच रोगी दोन ठिकाणीं उपचार घेई. त्याची गणना दोनदां होऊं नये म्हणून नांव-पत्ता टिपणें भाग होतें. नांव दप्तरांत राहिलें. बाहेर गेले ते केवळ आंकडे. कोणता कर्करोग कोणत्या वयांत बळावतो, हें शहरास त्यांवरून कळूं लागलें.

पुढें नोंदींस बाजारांत मोल आलें. सुमारें पावणेतीन लाख वस्तीच्या आइसलंड बेटानें १९९८ सालीं कायदा करून साऱ्या राष्ट्राच्या वैद्यकीय नोंदी एकत्र करण्याचें ठरविलें आणि २००० सालीं त्याचा परवाना डीकोड या खासगी कंपनीस दिला. नांवें सांकेतिक व्हावयाचीं होतीं. तथापि एका मुलीनें मृत पित्याच्या नोंदी देण्यास हरकत घेतली. पित्याच्या आनुवंशिक व्याधींवरून मुलीविषयींही अनुमान निघतें, हें तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं मान्य केलें. नुसतें नांव झांकणें पुरेसें नाहीं, असा निकालाचा आशय होता. तें भांडार उभें राहिलेंच नाहीं.

यांतील मर्म आपल्याकडेही सहज पटेल. ‘पावणे गांव, स्त्री, वय ५२, अमुक दुर्मिळ व्याधि’ एवढेंच लिहिलें, तरी ती कोण हें शेजाऱ्यांस निराळें सांगावें लागत नाहीं. म्हणून नांवाबरोबर गांव व जन्मतारीखही ढोबळ करावी लागते.

भारताच्या २०२३ च्या विदा-संरक्षण कायद्यानें संशोधनास कांहीं अटींवर सूट दिली आहे. परंतु कायद्याची सूट म्हणजे रोग्याची संमति नव्हे. संशोधन अडूं नये, हें खरेंच. पण नोंदी नेणाऱ्या कंपनीनें त्या कोणत्या कामास लावल्या, त्यांतून काय निष्पन्न झालें आणि तयार झालेलें औषध त्या रोग्यासारख्यांस परवडेल काय, याचा उघड हिशेब समाजास दिला पाहिजे.