सातारा, दक्षिण सातारा आणि आमचे घर

स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचे लिहा" असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझी शाळा सातवीत सुटली. पण गेल्या वर्षी मुलीच्या दाखल्यापायी मला आमच्या जिल्ह्याच्या नावाचा शोध घ्यावा लागला, तोच भगिनींपुढे मांडते.

झाले असे की, दाखल्यासाठी घराण्याचे जुने कागद हवे होते, म्हणून आजेसासूबाईंची पत्र्याची पेटी उघडली. तीत शाळेचे तीन दाखले निघाले. आजेसासऱ्यांचा १९३८ चा, त्यांच्या धाकट्या भावाचा १९५१ चा आणि मामंजींचा १९६७ चा. गाव एकच, वाळवा तालुक्यातले, कृष्णाकाठचे. पण पहिल्यावर जिल्हा सातारा, दुसऱ्यावर 'द. सातारा' आणि तिसऱ्यावर सांगली! कचेरीतल्या कारकुनांनी कागद चाळले नि विचारले, "तुमची माणसे किती वेळा गाव सोडून गेली? स्थलांतराचा पुरावा आणा." आजेसासऱ्यांनी पंढरीच्या वारीखेरीज वेस ओलांडली नव्हती, त्यांचा स्थलांतराचा पुरावा मी कुठून आणू? दीड महिना असाच गेला. प्रवेशाची मुदत तोंडावर आली, आणि पोरीच्या डोळ्यांचे पाणी खळेना.

मग शेजारच्या निवृत्त गुरुजींकडे गेले. त्यांनी चार पुस्तके हाती दिली आणि म्हणाले, "आधी वाचा, मग भांडा."

सातारा हे मूळचे किल्ल्याचे नाव. तट, बुरूज, दरवाजे मिळून सतरा, म्हणून सातारा, अशी जुनी समजूत आहे. औरंगजेबाने १७०० साली किल्ला घेतला आणि शहाजादा आझमच्या नावावरून त्याला 'आझमतारा' केले. पुढे तो पुन्हा मराठ्यांकडे आला, त्याचा अजिंक्यतारा झाला. खाली वसलेल्या शहराने मात्र सातारा हेच नाव ठेवले. शहरावरून राज्य ओळखले जाऊ लागले, आणि १८४८ साली इंग्रजांनी ते खालसा केल्यावर जिल्हाही त्याच नावाचा झाला. तो तरी केवढा! महाबळेश्वरापासून खाली पार वारणेपर्यंत. आमचा वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर, सारे त्यात. सांगली आमच्या गावाहून जवळ, पण ती पटवर्धनांच्या संस्थानात. म्हणजे जवळचे गाव परक्या राज्यात आणि आपला जिल्हा दोन दिवसांच्या बैलगाडीवर.

स्वातंत्र्यानंतर, ८ मार्च १९४८ रोजी, ही दक्षिणेकडची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. मग १ ऑगस्ट १९४९ ला साताऱ्याचे दक्षिणेचे तालुके आणि सांगली, मिरज, जत, आटपाडी वगैरे संस्थानी मुलूख एकत्र करून नवा जिल्हा केला. कलेक्टर बसले सांगलीला, नाव मात्र दक्षिण सातारा. सासरी नांदायचे आणि नाव माहेरचे लावायचे, तसलाच प्रकार! वरच्या भागाला उत्तर सातारा म्हणू लागले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले आणि त्यानंतर लवकरच ही दिशांची नावे गेली. उत्तरेकडे नुसता सातारा राहिला, इकडे सांगली आली. जेमतेम अकरा-बारा वर्षे टिकलेले ते नाव नेमके आमच्या चुलत आजेसासऱ्यांच्या दाखल्यावर बसले होते.

वाचता वाचता माझा स्वतःचाही एक भ्रम गेला. माझे माहेर कोरेगावकडचे. 'साताऱ्याचे प्रतिसरकार' शाळेत शिकले तेव्हापासून ते सगळे आमच्याच बाजूचे, असे मी समजत होते आणि सासरी ते ऐकवतही होते. पण क्रांतिसिंह नाना पाटील येडे मच्छिंद्रचे, नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे, जी. डी. बापू लाड कुंडलचे. ही तिन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात, आणि कुंडल तर तेव्हा औंध संस्थानात! यशवंतराव चव्हाण १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्र्याला जन्मले, तेही आज सांगलीतच. "आता बोला," आमचे हे म्हणाले. मी तरी कशाला गप्प बसते? ७ जून १९४३ ला पगाराची गाडी लुटली ती शेणोलीला, आमच्या कराड तालुक्यात. आणि नाना पाटील १९५७ साली लोकसभेवर निवडून गेले ते उत्तर साताऱ्यातून. पुस्तकात 'सातारा' दिसला की साल पाहिल्याशिवाय वाद घालायचा नाही, असे आता आमच्यात ठरले आहे.

आजेसासूबाईंना हा घोळ कधी पडलाच नाही. त्या शेवटपर्यंत "जिल्ह्याला जाऊन या" म्हणायच्या ते साताऱ्यालाच. सांगलीला जाणे म्हणजे त्यांच्या लेखी बाजाराला जाणे.

अर्ज मीच लिहिला. तीन दाखले, त्यांची साले, त्या-त्या वेळचा जिल्हा, १९४९ ची तारीख आणि खाली एक ओळ : गाव जागेवरच आहे. साहेबांनी दोनदा वाचला आणि सही केली. मुलीला मुदतीच्या आदल्या दिवशी प्रवेश मिळाला. निघताना त्याच कारकुनांनी हाक मारली, "बाई, या अर्जाची एक प्रत ठेवून जा. असलीच आणखी दोन प्रकरणे माझ्या टेबलावर पडलीत."