डोक्यात घुसलेली सळई ओढायची का?

आजची गोष्ट आपल्या बदनापूरपासूनच सुरू होते.

२१ सप्टेंबर १८०३. आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन इथे भेटले. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेवर दोन वाटांनी चालून जायचं ठरलं. दोनच दिवसांनी आपल्याच जिल्ह्यातल्या असईला लढाई पेटली. शिंद्यांच्या तोफखान्याने वेलस्लीसोबतच्या एका स्वाराचं डोकंच उडवलं. इंग्रजांकडचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले.

तो स्वार जागीच गेला. पण त्या काळी डोक्यात गोळी किंवा छर्रा घेऊन जे जिवंत राहायचे, त्यांचं काय? सर्जन कवटीला भोक पाडायचा आणि बोट घालून तुकडा शोधायचा. भूल नाही, जंतू म्हणजे काय हेही माहीत नाही. बोटाबरोबर घाण आत जायची. लढाईत वाचलेला माणूस मग मेंदूत पू होऊन जायचा.

आता थेट १९१७, पहिलं महायुद्ध, बेल्जियमची आघाडी. हार्वे कुशिंग नावाच्या अमेरिकन सर्जनने पद्धतच बदलली. कवटीचा फुटका भाग अख्खा काढायचा, रबरी नळीने मेलेला मेंदू आणि हाडाचे कपचे हळूच ओढून घ्यायचे, लोखंडासाठी चुंबक लावायचा आणि जखम घट्ट शिवायची. मेंदूपर्यंत गेलेल्या जखमांमध्ये मृत्यूचं प्रमाण तीन महिन्यांत ५४.५ टक्क्यांवरून २८.८ वर आलं. तेही पेनिसिलिन नसताना!

भारतात १९४९ मध्ये डॉ. जेकब चंडी यांनी वेल्लोरला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्या पेशंटचा सीटी स्कॅन झाला. तुकडा नेमका कुठे आहे, ते कवटी न उघडताच दिसायला लागलं. आणि गंमत बघा, त्यानंतर डॉक्टर काही तुकडे आतच सोडायला लागले. खोल रुतलेला बारीक तुकडा काढायच्या नादात चांगला मेंदू फाटतो, म्हणून.

हे सगळं आज का सांगतोय? जालना म्हणजे सळयांचं गाव. ट्रकमागे लोंबणाऱ्या सळया आपण रोज बघतो. उद्या कुणाच्या डोक्यात अशी सळई घुसली, तर ती ओढू नका. फुटलेली रक्तवाहिनी कदाचित तिनेच दाबून धरलेली असते. सळई हलू देऊ नका, १०८ लावा. ती काढायची ऑपरेशन थिएटरमध्येच, कवटी उघडून, डोळ्यांसमोर.

मी कोडिंगवाला, डॉक्टर नाही. पण चालू सर्व्हरची वायर उपटायची नसते, एवढं मलाही कळतं. भेटू पुढच्या भागात!