मेसरश्मिटवर अमेरिकन झेंडा

आज आपण रोमानियाला चाललोय, दुसऱ्या महायुद्धात.

रोमानियाचं हवाई दल छोटं. फायटर विमानं तर जिथून मिळतील तिथून गोळा केलेली: पोलंडची पीझेडएल, जर्मन हाइन्केल, ब्रिटिश हरिकेन आणि ब्राशोवच्या कारखान्यात बनलेलं स्वतःचं आयएआर ८०. सुरुवातीला या सगळ्यांवर निळं-पिवळं-लाल गोल चिन्ह होतं. १९४१ मध्ये रोमानिया जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला, तेव्हा गोल जाऊन पिवळा क्रॉस आला. जवळून पाहिलं तर तो ‘एम’ हे अक्षर चार वेळा जोडून केलेला आहे. एम म्हणजे राजा मिहाई. वय १९!

लांबून मात्र तो जर्मन क्रॉसच्या जवळ जायचा, आणि ते सोयीचंच होतं. हवेत समोरच्या पायलटला दोन-चार सेकंदांत ठरवायचं असतं, हा आपला की त्यांचा. आम्ही एका लॉगिन पेजवर आठवडे घालवतो. इथे सगळा भरवसा रंगाच्या डब्यावर. तिकडे ब्रह्मदेशात आपले भारतीय पायलटही हरिकेनच उडवत होते, पण त्यांच्या गोलातला मधला लाल ठिपका काढून टाकलेला. कारण जपानी विमानावरही लाल गोळाच असायचा.

आता २३ ऑगस्ट १९४४. राजा मिहाईने हुकूमशहा अंतोनेस्कूला अटक करवली आणि रोमानियाने बाजू बदलली. लगेच जर्मन विमानं बुखारेस्टवर बॉम्ब टाकायला लागली. शहरात हजाराहून जास्त अमेरिकन वैमानिक कैदेत होते, आणि ते पुन्हा जर्मनांच्या हाती लागायची भीती होती. इटलीतल्या अमेरिकन तळाला हे कळवायचं कसं?

कॉन्स्टान्टिन कान्ताकुझिनो हा रोमानियाचा सर्वात नावाजलेला फायटर पायलट. तो म्हणाला, मी नेतो. विमान होतं जर्मन बनावटीचं मेसरश्मिट १०९, बसायला जागा एकाचीच. मग कॉकपिटमागचा रेडिओ काढला आणि त्या खोबणीत जेम्स गन या कैदी अमेरिकन कर्नलला कोंबलं. झाकण बाहेरून स्क्रूने बंद! म्हणजे विमान पेटलं असतं तर गनला बाहेर पडायला वाटच नव्हती.

आणि विमानाच्या दोन्ही बाजूंना रंगवला भला मोठा अमेरिकन झेंडा. विचार करा, आता जर्मनाने पाहिलं तरी तो गोळ्या घालणार, आणि अमेरिकनाला झेंड्याआधी मेसरश्मिटचा आकार दिसला तर तोही.

२७ ऑगस्टला दोघं फोज्जाजवळ सुखरूप उतरले. कान्ताकुझिनो परत गेला तो अमेरिकन मस्टँग चालवत. पाठोपाठ बी-१७ बॉम्बर बुखारेस्टला आले आणि काही दिवसांत ११०० हून जास्त वैमानिकांना घेऊन गेले.

रोमानियन विमानांवर पुन्हा जुना गोल आला. मेसरश्मिट तीच राहिली, आणि कान्ताकुझिनो त्यातूनच आता जर्मनांशी लढायला लागला.