लिम्फोमा, वृद्धावस्थेतील

पांढऱ्या रक्तपेशींपैकी लसीकापेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगांना लिम्फोमा म्हणतात. हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन हे त्याचे दोन मुख्य गट. दुसऱ्या गटात सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (डीएलबीसीएल). पाश्चात्त्य देशांत त्याचे निदान होतानाचे मध्यक वय पासष्टीच्या आसपास आहे. हा आजार झपाट्याने वाढतो आणि उपचार न झाल्यास काही महिन्यांत जिवावर बेततो. मात्र योग्य उपचारांनी तो कायमचा बराही होऊ शकतो, आणि हे वृद्धांनाही लागू आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः याच प्रकाराविषयी आहे.

लक्षणे व निदान : मान, काख किंवा जांघेत न दुखणारी, वाढत जाणारी गाठ येते. काहींना ताप येतो, रात्री दरदरून घाम फुटतो, वजन उतरते. वृद्धांमधील थकवा व वजनघट वयाच्या खात्यावर टाकली जाते आणि निदान लांबते. भारतात गाठीचा क्षयरोगही सर्रास आढळत असल्याने बायोप्सीविना क्षयाची औषधे सुरू झाली, तर मोलाचा वेळ वाया जातो. केवळ सुईने काढलेल्या पेशींवर सहसा भागत नाही. गाठीचा पुरेसा तुकडा तपासावा लागतो. प्रसार किती झाला आहे, हे पेट-सीटी स्कॅनने कळते.

उपचारांचा विकास : सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, विन्क्रिस्टिन व प्रेडनिसोलोन या चार औषधांची ‘चॉप’ ही केमोथेरपी १९७० च्या दशकात रूढ झाली. बी-पेशींवरील सीडी-२० या प्रथिनाला चिकटणाऱ्या रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतरचा निर्णायक पुरावा वृद्ध रुग्णांमधूनच मिळाला. फ्रान्समधील बेरत्राँ क्वाफ्ये व सहकाऱ्यांनी ६० ते ८० वयाच्या ३९९ रुग्णांवर केलेली चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. चॉपला रिटुक्सिमॅबची जोड दिल्यावर (आर-चॉप) दोन वर्षांनी ७० टक्के रुग्ण हयात होते. केवळ चॉप घेतलेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते. दहा वर्षांनंतरचे आकडे अनुक्रमे ४३.५ व २७.६ टक्के असे होते.

जर्मनीतील ‘रिकव्हर-६०’ चाचणीत (२००८) ६१ ते ८० वयाचे १,२२२ रुग्ण होते. रिटुक्सिमॅबसह चॉपच्या सहा फेऱ्या आठ फेऱ्यांइतक्याच परिणामकारक ठरल्याने वृद्धांवरील दोन फेऱ्यांचा भार टळला.

ऐंशीपुढील रुग्ण : या वयात पूर्ण मात्रेची केमोथेरपी अनेकांना झेपत नाही. त्यांच्यासाठी ‘आर-मिनी-चॉप’ ही पद्धत आखली गेली. तीत रिटुक्सिमॅबची मात्रा पूर्ण ठेवतात. डॉक्सोरुबिसिन निम्मे आणि सायक्लोफॉस्फमाइड निम्म्याच्या जवळपास करतात. ऐंशीपुढील १४९ रुग्णांच्या फ्रेंच-बेल्जियन चाचणीत (२०११) दोन वर्षांनी ५९ टक्के रुग्ण हयात होते. नोंदलेल्या ५८ मृत्यूंपैकी ३३ आजार बळावल्याने झाले, तर १२ उपचारांच्या दुष्परिणामांमुळे.

क्षमतेचे मूल्यमापन : जन्मतारखेवरून उपचार ठरवता येत नाहीत. रुग्ण अंघोळ, जेवण, चालणे स्वतः करतो का, पैशांचा व औषधांचा हिशेब ठेवतो का, हृदय, मूत्रपिंडे, स्मरणशक्ती व पोषण कसे आहे, घरी सोबतीला कोण आहे, यांचा एकत्रित विचार करतात. त्यानुसार पूर्ण मात्रा, कमी मात्रा किंवा केवळ त्रास कमी करणारे उपचार यांतून निवड होते. अशक्तपणा लिम्फोमामुळेच आला असेल, तर तो उपचारांनी ओसरूही शकतो; म्हणून पहिल्या भेटीतले चित्र अंतिम मानत नाहीत.

पूर्वतयारी व दक्षता : केमोथेरपीपूर्वी काही दिवस प्रेडनिसोलोन दिल्याने प्रकृती सावरते आणि पहिल्या फेरीतील धोका घटतो. डॉक्सोरुबिसिन हृदयाला अपायकारक असल्याने इकोकार्डिओग्राफी आवश्यक असते. रिटुक्सिमॅबमुळे सुप्त हिपॅटायटिस-बी उफाळू शकतो. त्यामुळे त्याची रक्ततपासणी आधी करतात. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने जंतुसंसर्गाचा धोका कमी करतात. विन्क्रिस्टिनमुळे हातपाय बधिर होणे व बद्धकोष्ठता यांकडे लक्ष द्यावे लागते. उपचारांदरम्यान ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आजार उलटल्यास : अशा वेळी कार-टी पेशी उपचार (रुग्णाच्याच टी-पेशी कर्कपेशींवर हल्ला करतील अशा बदलून परत देणे) आणि टी-पेशींना कर्कपेशींशी जोडणारी द्विलक्ष्यी प्रतिपिंडे उपलब्ध झाली आहेत. निवडक सत्तरीपुढील रुग्णांनाही त्यांचा लाभ होतो. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या भारतीय कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

भारतातील स्थिती : रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती ‘रेडिटक्स’ २००७ मध्ये बाजारात आली आणि हे औषध अधिक रुग्णांच्या आवाक्यात आले. तरीही खर्च, प्रवास आणि ‘आता या वयात कशाला त्रास’ ही भावना यांमुळे अनेक वृद्ध उपचारांपासून दूर राहतात. वरील चाचण्यांचे निष्कर्ष या भावनेच्या विरोधात जातात. उपचार घ्यायचे की नाहीत, हा निर्णय रुग्णाचाच आहे. मात्र तो क्षमतेचे नीट मूल्यमापन झाल्यावर आणि बरे होण्याची शक्यता रुग्णाला स्पष्ट सांगितल्यावरच व्हायला हवा. केवळ वयाकडे बोट दाखवून उपचार नाकारणे वैद्यकीयदृष्ट्या समर्थनीय नाही.