फोली : बिनकामाच्या इमारतीची कुळकथा

पॅरिसच्या ईशान्य टोकाला ला व्हिलेत नावाची बाग आहे. तिथे हिरवळीवर भडक लाल रंगाच्या लहान इमारती दिसतात. त्यांचं नाव फोली, आणि फ्रेंचमध्ये 'फोली' म्हणजे वेड.

हे नाव जुनं आहे. अठराव्या शतकात उमराव पॅरिसच्या वेशीबाहेर मौजेसाठी बंगले बांधत, त्यांना फोली म्हणत. शब्दाचं मूळ वेडात की पानांच्या मांडवात, हा वाद आहे. आर्त्वाच्या काउंटने 1777 साली राणी मारी आंत्वानेतशी पैज लावून बागातेलचा बंगला 64 दिवसांत उभा केला. त्यानंतर काही वर्षांनी मॉन्व्हिल नावाच्या रसिकाने शांबूर्सीजवळ एक प्रचंड मोडका खांब बांधला. वरची कड तुटलेली, अंगावर भेगा, आणि आत अनेक मजल्यांचं घर! तो स्वतः त्यात राहत असे.

पुढे 1896 मध्ये शिकागोचा वास्तुकार लुई सलिव्हन याने, इमारतीचं रूप तिच्या कामातून यावं, असा विचार मांडला. विसाव्या शतकात तो नियमच झाला आणि फोलीला जागा उरली नाही.

ती परत आणली वास्तुकार बर्नार्ड चुमीने. 1976 ते 1981 या काळात त्याने 'मॅनहॅटन ट्रान्सक्रिप्ट्स' ही चित्रमाला काढली. पहिल्या भागात सेंट्रल पार्कमधला एक खून आहे. शेजारीशेजारी तीन चौकटी : छायाचित्र, जागेचा नकाशा, माणसांच्या हालचालीच्या रेषा. जागा आणि तिथे घडणारी गोष्ट यांचं नातं आधी ठरलेलं नसतं, हे त्याला दाखवायचं होतं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. आपल्याकडेही देवळाच्या ओवरीत शाळा भरत आली आहेच की!

हाच विचार त्याने ला व्हिलेतमध्ये वापरला. तिथे आधी कत्तलखाना होता, तो 1974 मध्ये बंद झाला. त्या 55 हेक्टरांवरच्या बागेसाठी 1982 मध्ये स्पर्धा झाली आणि ती चुमीने जिंकली. त्याने बिंदू, रेषा आणि पृष्ठं असे तीन आराखडे स्वतंत्रपणे आखले आणि एकमेकांवर ठेवले. त्यांचा मेळ मुद्दाम घातला नाही. बिंदू म्हणजे फोली, दर 120 मीटरांवर एक. प्रत्येकीचं मूळ सुमारे 10 मीटरांचा घन. तो तिन्ही बाजूंनी तिनात विभागायचा, मग कुठे तुकडा काढायचा, कुठे जिना, चक्र किंवा उतार जोडायचा. आकार आधी, वापर नंतर. एखादीत उपाहारगृह आलं, काही रिकाम्याच राहिल्या. पण ज्या रिकाम्या आहेत त्या फसल्या, असं मी मानत नाही.

पॅरिसला गेलात तर मेट्रोने पोर्त द पान्तँला उतरा आणि एका फोलीपासून दुसरीपर्यंतचे 120 मीटर चालून पाहा.