दुसरबीडच्या उन्हात लिंबू-सोडा

गाडीचा एसी बंद करा, काच खाली घ्या. समृद्धी महामार्गावरून ताशी 120 च्या वेगानं जाणाऱ्याला दुसरबीडचं ऊन कळायचं नाही. म्हणून तुम्हाला साठेक वर्षं मागं, जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावर उतरवतोय. या, सांभाळून. डांबर पाघळलंय, चपला चिकटतील.

वैशाखातली दुपार. आत्ताच एस.टी. आली आणि डिझेलचा धूर, धूळ, घामेजलेले सदरे, कांद्याची पोती, कुणाची तरी शेळी, सगळं एकदम तुमच्या अंगावर उतरलं. कढईतल्या भज्यांचा वास बिडीच्या धुरात मिसळलाय. झळा अशा, की डोळे मिटले तरी पापण्या तापतात. घशाला कोरड पडलीय ना? तिकडं कडुनिंबाखाली चला. गर्दी आहे, कोपरानं वाट काढा, इथं कुणी रागवत नाही.

हातगाडीवर ओल्या तरटाखाली हिरवट काचेच्या जाड बाटल्या आडव्या पडल्यात. प्रत्येकीच्या गळ्यात गोटी, आतल्या गॅसनंच रबरी कड्याला घट्ट दाबून धरलेली. ही करामत हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, 1872 च्या पेटंटाची. सोडेवाल्याला त्याचं सोयरसुतक नाही. तो लाकडी टोपण ठेवतो, वर तळहाताची थाप मारतो. फट्टाक्! तुम्ही दचकता, शेळी दचकते.

"पहिल्यांदाच का, दादा?"

लिंबू तो मुठीतच पिळतो, बियांसकट. भुशात गुंडाळून आणलेल्या बर्फाचा टोच्यानं फोडलेला खडा, चिमूटभर काळं मीठ, वरून सोडा. फेस काठावरून मनगटावर ओघळतो. पटकन तोंड लावा! नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी, मग पोटातून आलेली दणदणीत ढेकर. ग्लास कुठल्या बादलीत विसळला होता ते बघू नका. बघितलंत? आता प्यालात, राहू द्या. बाटली मात्र परत करा. गोटीवर डोळा ठेवून चार पोरं मघापासून उभी आहेत, त्यांना काही मिळायचं नाही.

यात जिन हवी होती? ती इथं मागू नका, लोक आधी दारूचं परमिट विचारतील. जिन-लिंबू हे मुंबईच्या क्लबातल्या साहेबांचं उन्हाळी पेय. त्यातही तरतरी लिंबाची आणि गारवा बर्फाचा, जिन नुसती मिरवते. उलट अंगातलं पाणी तीच बाहेर काढते.

तरी घरी करणारच असाल तर ग्लास उंच घ्या. 60 मिली जिन, अर्ध्या लिंबाचा रस, भरपूर बर्फ, चिमूटभर काळं मीठ आणि सोडा शेवटी, हळू. मिठावर सोडा पडला की फेस उसळतो, तेव्हा ग्लास काठोकाठ भरू नका. आणि बाहेर ऊन असेल तर जिन वगळा.